जुन्या विंडोजची की कुठल्या सीडीला लागते ते कसं ओळखायचं

पीसीसोबत आलेली सीडी हरवली म्हणजे स्टिकरवरची की (विंडोज बसवताना टाकायचा कोड) वाया गेली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं काही नाहीये. की एका ठराविक सीडीला बांधलेली नसते, ती सीडीच्या प्रकाराला बांधलेली असते. प्रकार म्हणजे तीन गोष्टी: विंडोज कुठलं, त्यातलं एडिशन (होम, प्रो वगैरे) कुठलं, आणि ते विकलं कसं गेलं, म्हणजे दुकानातून डब्यात (रिटेल), पीसीवर घालून (ओईएम) का कंपनीला घाऊक (व्हॉल्यूम). या तीन जुळल्या तर मित्राकडची सीडी पण चालते, आणि एक्सपीत यातली एक जरी चुकली तर की शंभर टक्के खरी असूनही सेटअप तोंडावर इनव्हॅलिड म्हणून सांगतो आणि माणूस उगाच स्टिकरवर संशय घेत बसतो.

आता २०२५ नंतर हे कोणाला लागतंय असं म्हणाल तर लागतं बाबांनो. डीटीपीवाले आहेत ज्यांच्या जुन्या श्रीलिपीच्या आणि पेजमेकरच्या फायली विंडोज एक्सपीवरच नीट उघडतात, वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेला पीसी असतो ज्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, एक्सपीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० ला, त्यामुळे असला पीसी नेटला जोडू नका, पेनड्राइव्हवर भागवा.

सुरुवात स्टिकरपासून करा. टॉवर असेल तर बाजूला किंवा वर, लॅपटॉप असेल तर बुडाला, आणि तिथे नसेल तर बॅटरी काढून बघा, सातच्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना आत लावलेलं असतं आणि तिथे ते कोरं करकरीत राहतं. स्टिकरवर विंडोजचं नाव आणि एडिशन सरळ लिहिलेलं असतं, आणि पीसी कंपनीचं नाव किंवा ओईएम असा शब्द असेल तर ओईएम सीडीच लागणार. व्हॉल्यूमचं असं स्टिकर पीसीवर नसतंच.

अक्षरं पुसट झाली असतील तर लगेच सोडून देऊ नका. की म्हणजे पाच-पाचच्या पाच गटांत २५ अक्षरं, पण एक्सपी ते सातपर्यंतच्या कीमध्ये सगळी अक्षरं वापरलेलीच नाहीत. ए, ई, आय, ओ, यू नाहीत, एल, एन, एस, झेड नाहीत, आणि आकड्यांत ०, १, ५ नाहीत. म्हणजे तुम्हाला ओ किंवा शून्य दिसतंय ते क्यू नाहीतर डी आहे, आणि एस किंवा ५ दिसतंय ते बहुतेक ८ आहे. खरी डोकेदुखी बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय यांची, कारण हे सगळेच चालतात, तिथे दोन्ही घालून बघण्याला पर्याय नाही. टॉर्च तिरका धरून मोबाइलवर फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून वाचा. स्पिरिट लावून पुसायला जाऊ नका, उरलीसुरली शाई पण जाते. (आठपासूनच्या कीमध्ये एन आला, तिथे हा हिशोब थोडा बदलतो.)

आता सीडी. एक्सपीची खरी मजा इथेच आहे कारण वरचं लेबल फाटलेलं असो नाहीतर साध्या कोऱ्या सीडीवर राइट केलेली असो, आतल्या फायली सगळं सांगतात. कुठल्याही चालू पीसीत सीडी घाला, एक्सप्लोररमध्ये उघडा आणि अगदी वरच्या पातळीवर विन५१आयपी नावाची इटुकली फाइल दिसते का बघा, दिसली तर प्रो. आयपीऐवजी शेवटी आयसी असेल तर होम. त्याच फाइलचं भावंड असतं ज्याच्या पुढे डॉट एसपी२ वगैरे लागलेलं असतं, त्यावरून सर्व्हिस पॅक (एसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या सुधारणांचा गठ्ठा) कळला. मग आय३८६ फोल्डरमध्ये जा आणि सेटअपपी डॉट आयएनआय ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, नावात पी दोनदा आहे बरं का, एक पी टाकून शोधलंत तर सापडणार नाही. आत पीआयडी अशी एक ओळ असते, तिची फक्त शेवटची तीन अक्षरं बघा. ओईएम असेल तर ओईएम, २७० असेल तर व्हॉल्यूम, ००० किंवा ३३५ असेल तर रिटेल. बस्स. घाई असेल तर एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हपाशी दिसणारं सीडीचं लेबल पण बोलतं, त्यात ओईएम, व्हीओएल किंवा एफपीपी असतं, एफपीपी म्हणजे डब्यातलं. पण लेबल राइट करताना कोणीही बदलतो म्हणून माझा भरवसा फाइलवर जास्त. अर्थात उद्योगी लोक ती फाइल पण बदलून ठेवायचे, कॉलनीत फिरलेली, वर मार्करने ‘फायनल’ असं लिहिलेली सीडी असेल तर काहीच धरून चालू नका.

सगळं जुळूनही एक्सपी प्रोची ओईएम की घेत नसेल तर एक कमी माहीत असलेलं कारण आहे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे एक्सपी प्रोच्या किया संपत आल्या होत्या म्हणून त्यांनी एसपी२सी नावाची नवी ओईएम सीडी काढली, निव्वळ नव्या कियांसाठी. त्यानंतरच्या स्टिकरवरची की आधीच्या ओईएम सीडीला ओळखूच येत नाही. अशा वेळी एसपी३ची ओईएम सीडी मिळवा, तिच्यात सेटअपच्या वेळी की रिकामी सोडून पुढे पण जाता येतं.

ब्रँडेड पीसीच्या सीडीची गंमत वेगळी. ती त्याच कंपनीच्या बायोसला (मदरबोर्डवरचा, पीसी सुरू करणारा प्रोग्राम) ओळखते आणि की विचारतच नाही, इन्स्टॉल होऊन ऍक्टिव्हेट झालेलं असतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून कीची खात्री करून घ्यायची गरज उरत नाही. दुसऱ्या कंपनीच्या पीसीत घातली की लगेच ऍक्टिव्हेशन मागते. आणि सेटअप सुरू होताच निळा स्क्रीन आला, खाली ७बी दिसलं, तर तो कीचा दोष नाही, बायोसमध्ये साटा मोड (हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई करा.

विंडोज सातला काम सोपं आहे. डीव्हीडीत जवळपास सगळी एडिशन एकत्र असतात आणि कुठलं बसवायचं ते सोर्सेस फोल्डरमधली ईआय डॉट सीएफजी ही एवढीशी फाइल ठरवते. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आत एडिशनचं नाव असतं. डीव्हीडीवरून पेनड्राइव्ह बनवला असेल तर ती फाइल डिलीट करा, सेटअप स्वतःच यादी दाखवतो, मग स्टिकरवर आहे ते निवडा. आपल्याकडच्या स्वस्तातल्या लॅपटॉपवर होम बेसिक खूप यायचं, लोक प्रीमियम किंवा अल्टिमेट निवडतात आणि मग की लागत नाही म्हणून रडतात. ३२ आणि ६४ बिटला की एकच चालते, पण नेटबुकवरचं स्टार्टर फक्त ३२ बिटमध्ये आहे, ६४ च्या यादीत शोधू नका. एंटरप्राइजची डीव्हीडी मात्र वेगळी.

सातमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो की काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. ब्रँडेड लॅपटॉपवर चालवलं तर जी की दिसते ती स्टिकरवरची नसतेच, ती कंपनीने हजारो मशीनवर घातलेली एकच की असते आणि त्या बायोसबाहेर तिचा काडीचा उपयोग नाही. ओळखायचं कसं, तर कंप्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रॉडक्ट आयडी बघा, मधे ओईएम आणि त्यानंतरचा आकडा ८९९२ ने सुरू होत असेल तर ती फॅक्टरीची की. लिहून घ्यायची ती स्टिकरवरची.

ढीगभर सीड्या आणि स्टिकरं असतील तर प्रत्येक वेळी खरा पीसी फॉरमॅट करत बसू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत खोटा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) रिकामं मशीन बनवा, नेट बंद ठेवा आणि सेटअप चालवा. एक्सपी की तिथल्या तिथे तपासतो, त्याला नेट लागत नाही, म्हणून जोडी जुळली का ते ऍक्टिव्हेशन न करताच कळतं आणि मग ते मशीन उडवून टाकायचं. जुळली की सीडीवर लगेच मार्करने लिहा, ‘एक्सपी प्रो ओईएम एसपी२’ असं, नुसतं ‘विंडोज’ लिहून काय उपयोग.

विंडोज आठपासून पुढे ब्रँडेड पीसीच्या स्टिकरवर कीच नाही, ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बायोस असतो त्याच चिपमध्ये) असते आणि सेटअप ती आपोआप उचलतो, म्हणून तर होमच्या लॅपटॉपवर प्रो बसवायला गेलं तरी न विचारता होमच बसतं. तुमच्याकडे प्रोची वेगळी की असेल तर सोर्सेस फोल्डरमध्ये पीआयडी डॉट टीएक्सटी फाइल करून त्यात ती द्यावी लागते. आणि सात-आठची जुनी की विंडोज दहाला घालून चालवायचा जुगाड मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्याचं जाहीर केलंय, त्या भरवशावर जुना लॅपटॉप विकत घेऊ नका.