आत्ता घ्यायचं की नवीन येईपर्यंत थांबायचं? या चुका टाळा

नवीन लॅपटॉप, फोन किंवा ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच, आत्ता घेऊ का पुढचं मॉडेल येतंय तर थांबू? आणि गंमत अशी की पुढचं मॉडेल कायमच येत असतं. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचंच बघा ना, आरटीएक्स २० सिरीज सप्टेंबर २०१८ ला आली, ३० सिरीज सप्टेंबर २०२० ला, ४० सिरीज ऑक्टोबर २०२२ ला आणि ५० सिरीज जानेवारी २०२५ ला. म्हणजे तुम्ही कधीही विचारा, "थांब रे, आता येईलच" म्हणणारा कुणीतरी भेटणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की थांबायचं असेल तर कशासाठी ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, म्हणजे अमुक गोष्ट अमुक महिन्यात येतेय आणि तिच्यामुळे माझं अमुक अडलेलं काम होईल. हे जमत नसेल तर ती नुसती चालढकल आहे.

आता लोक नेमके कुठे फसतात ते बघू.

नेमकं काय अडतंय ते न बघताच खरेदीला निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "पीसी स्लो झालाय" म्हणजे नक्की काय? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि जेव्हा मशीन रडत असतं नेमकं तेव्हाच बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलीये आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे? मग प्रोसेसरची नवीन जनरेशन कधी येणार याच्याशी तुमचा काही संबंधच नाही, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, तेच मशीन वेगळं वाटायला लागेल. मेमरी भरलीये आणि ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडे आहेत? रॅम वाढवा, आणि स्लॉट दोन असून स्टिक एकच असेल तर दुसरी सारखीच टाका म्हणजे ड्युअल चॅनल मिळेल, दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातील, बिल्ट-इन ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांना तर याचा फरक चांगलाच जाणवतो.

लॅपटॉप सुरुवातीला पळतो आणि पाच-दहा मिनिटांनी मंदावतो, फॅनचा आवाज वाढतो, तर बहुतेक तो तापून स्पीड कमी करतोय. आतली धूळ काढा, खूप जुना असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. फोनचं पण तेच, बॅटरी थकली की काही फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून मुद्दाम हळू चालतात. जुन्या आयफोनमध्ये असं केलं जातं हे खुद्द अॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं, आणि बॅटरी बदलली की स्पीड परत यायचा. कितीतरी लोकांनी तेवढ्यासाठी अख्खा फोन बदलला असेल.

गेमर मंडळींसाठी अजून एक. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय, पण ५०-६० टक्क्यांमध्येच घुटमळत असेल आणि फ्रेम रेटवर (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर) कुठली मर्यादा लावलेली नसेल तर कार्ड रिकामं बसलंय, अडतंय प्रोसेसरपाशी. अशा वेळी पुढच्या सिरीजचं कार्ड येईपर्यंत थांबलात काय आणि आज घेतलंत काय, हातात तेच फ्रेम येणार.

लीक म्हणजे लॉन्च असं धरून बसणं

अफवा, घोषणा, रिव्ह्यू आणि हातात वस्तू या चार वेगवेगळ्या तारखा असतात आणि लोक पहिलीच धरून कॅलेंडरवर खूण करतात. इंटेलचं १० नॅनोमीटर (प्रोसेसर आणखी बारीक बनवायची पद्धत) आठवा, २०१६ च्या आसपास येणार म्हणत होते, लॅपटॉपमध्ये नीट मिळायला २०१९ उजाडलं आणि डेस्कटॉपवाल्यांना तर नोव्हेंबर २०२१ ला १२ वी जनरेशन येईपर्यंत १४ नॅनोमीटरवरच भागवावं लागलं. "१० नॅनोमीटर आलं की घेतो" म्हणून बसलेला माणूस पाच वर्षं बसला असता.

बरं, घोषणा झाली म्हणजे वस्तू मिळते असंही नाही. १ सप्टेंबर २०२० ला आरटीएक्स ३० सिरीज जाहीर झाली, त्यातलं ३०७० हे आधीच्या सिरीजच्या २०८० टीआयच्या तोडीचं असेल असं सांगितलं गेलं आणि सेकंडहँड बाजारात २०८० टीआयचे भाव धपकन पडले, लोक घाबरून मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. मग ३०८० विक्रीला आलं आणि बघता बघता संपलं, त्यात क्रिप्टो मायनिंग (कार्डं लावून डिजिटल चलन कमावणं) वाढलं, चिप्सचा तुटवडा होताच, आणि जुनं विकून बसलेले कित्येक जण महिनोन्महिने कार्डाविना राहिले. नवीन हातात येऊन चालू होईपर्यंत जुनं विकायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलोय.

"नवीन आलं की जुनं स्वस्त होईलच"

फोनच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं आहे, ते मान्य. पण पीसीच्या पार्टला हा हिशोब कायम लागू होत नाही, कारण नवीन यायच्या आधीच कंपनी जुन्याचं उत्पादन थांबवते, उरलेला स्टॉक संपतो आणि जे शिल्लक असतं ते कुणी स्वस्तात सोडत नाही. शिवाय भाव वर पण जातात, हे लोक विसरतातच. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की "अजून थोडं थांबू, उतरेल" म्हणणाऱ्यांना तीच रॅम कितीतरी जास्त देऊन घ्यावी लागली. म्हणून थांबण्यातून काय वाचेल याचा अंदाज बांधताना शून्य किंवा त्याच्याही खालचा आकडा, म्हणजे तोटासुद्धा, धरून ठेवा.

आकडा बदलला आणि पाया बदलला, यातला फरक न कळणं

दरवर्षी बॉक्सवरचा आकडा वाढतो त्यासाठी थांबण्यात फारसा दम नाही. सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), रॅमचा प्रकार किंवा प्रोसेसरचं आर्किटेक्चरच (आतली रचना) बदलणार असेल तर मात्र थांबणं खरंच फायद्याचं ठरू शकतं. अॅपलनं जून २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की आम्ही इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जातोय, नोव्हेंबरमध्ये एम१ आली, बॅटरीत आणि स्पीडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. त्या मधल्या पाच महिन्यांत ज्याचं काम अडलेलं नव्हतं त्यानं थांबणंच शहाणपणाचं होतं. पुढे २०२५ मध्ये अॅपलनं जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकना मिळणारी शेवटची मॅकओएस.

याच्या उलट एएमडीचा एएम४ सॉकेट. २०१७ मध्ये पहिला रायझन प्रोसेसर घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला. सॉकेटच्या सुरुवातीला घेणं आणि शेवटाला घेणं यात किती फरक पडतो बघा.

आणि इंटेलचं २०१७ म्हणजे तर नमुनाच. जानेवारीत ७ व्या जनरेशनचा ७७००के आला, चार कोर. ऑक्टोबरमध्ये ८ व्या जनरेशनचा ८७००के आला, सहा कोर, सॉकेटचं नाव तेच एलजीए ११५१, पण जुन्या बोर्डवर चालत नाही. इथवर ठीक, एवढं चालायचंच. पण २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि मायक्रोसॉफ्टनं रेघ ओढली ती बरोबर ८ व्या जनरेशनवर, एक-दोन अपवाद सोडले तर ७ वी जनरेशन बाहेर. एकाच वर्षात घेतलेले दोन प्रोसेसर, एक आत, एक बाहेर. खरं सांगायचं तर २०१७ मध्ये हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे ७७००के घेणाऱ्याला नावं ठेवू नका, काही गोष्टी नशिबावरच असतात.

याच मुद्द्यात एक उपचूक: नाव नवीन म्हणजे आत पण नवीन, असं समजणं. रायझन ५ ७५२०यू हे ७००० सिरीजचं नाव, पण आत झेन २ कोर, म्हणजे २०१९ चं डिझाइन. ७५३०यू मध्ये झेन ३, ७६४०यू मध्ये झेन ४. त्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, आर्किटेक्चर तिथे लपलेलं असतं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं पण असंच, आरटीएक्स ४०६० हे नाव ३५ वॉटवर चालणाऱ्यालाही आणि ११५ वॉटवाल्यालाही, मग नवीन सिरीजचं कमी वॉटचं कार्ड जुन्या सिरीजच्या दमदार कार्डापुढे पाणी भरतं यात नवल काय.

पहिल्याच आठवड्यात उडी मारणं

वाट बघून बघून कंटाळलेला माणूस लॉन्चच्या दिवशीच घेतो, ही पण चूकच. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज आले, महिना संपायच्या आत कंपनीला सांगावं लागलं की सोबतच्या चिपसेटमधले काही साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) काळानुसार खराब होऊ शकतात, बोर्ड बदलून द्यायला लागले. २०१६ च्या गॅलक्सी नोट ७ च्या बॅटरी पेट घ्यायच्या, ते तर सगळ्यांना माहितीये. सहा-आठ आठवडे जाऊ द्या, रिव्ह्यू येतात, ड्रायव्हर आणि बायोस जरा स्थिर होतात, स्टॉकही येतो. सगळंच त्यात कळतं असं नाही हां, इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनचा क्रॅशचा घोळ उघड व्हायला बराच काळ गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवून दिली. म्हणून वॉरंटीचे कागद सांभाळून ठेवा, बास.

अपडेट कधीपर्यंत मिळणार हे न बघणं

पिक्सेल ८ फोनला सात वर्षं अपडेट, गॅलक्सी एस२४ ला सात वर्षं, हे वाचून लोक खूश होतात. पण ही सात वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं फ्लॅगशिप (कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल) स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं तर दोन वर्षं आधीच गेलेली असतात, ती किमतीत वजा करा आणि मग बघा स्वस्त पडतंय का. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सेकंडहँड लॅपटॉप घेताना इंटेलची ८ वी जनरेशन किंवा रायझन ३००० च्या खालचं मशीन कितीही चकचकीत असलं तरी आधी त्यावर काय चालवणार ते ठरवा.

"फ्युचरप्रूफ" म्हणून सगळ्यात महागडं घ्यायच्या फंदात पण पडू नका, दोन वेळा मधलं घेणं बऱ्याचदा एकदा टॉपचं घेण्यापेक्षा बरं पडतं. अपवाद एकच, बोर्डवर सोल्डर केलेली रॅम. ती नंतर वाढत नाही, तिथे घेतानाच एक पायरी वरची घ्या.

मग ठरवायचं कसं? मशीन बंद पडलंय आणि त्यावाचून काम अडलंय तर आजच घ्या, लीक वाचूच नका. काम चालतंय पण कुरकुर आहे, तर वर सांगितलेली तपासणी करा, एसएसडी-रॅम-बॅटरीनं भागतंय का बघा. आणि कंपनीनं स्वतः तारीख दिलीये, दोन-तीन महिन्यांच्या आतली आहे आणि बदल पायाचा आहे, तरच थांबा, पण थांबायची शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा. तारीख पुढे ढकलली गेली तर तुमची ढकलू नका, त्या दिवशी जे चांगलं मिळतंय ते घ्या. मधल्या काळात अगदीच अडलं तर सेकंडहँड साधं कार्ड किंवा जुना लॅपटॉप घेऊन वेळ मारून न्या, तो नंतर थोड्याफार घाट्यात विकला जातो. आणि घेतल्यावर निदान रिटर्नची मुदत असेपर्यंत बॉक्स फेकू नका, तेवढ्यात नवीन मॉडेल जाहीर झालंच तर परत करता येईल.