शब्दाचा माग कसा काढायचा, ते गोंधळ घालून दाखवतो

चौथीत असताना मास्तरांनी टेबलावर छडी आपटली आणि ओरडले, "काय गोंधळ लावलाय रे?" अख्खा वर्ग माझ्याकडं बघून हसला. मी तर गप्प बसलो होतो. पण आमचे आबा गावचे गोंधळी. आदल्या रात्री एका लग्नघरी त्यांचा संबळ पहाटेपर्यंत वाजला होता आणि मी दिवटीला तेल घालत डुलक्या खात होतो. संध्याकाळी घरी येऊन विचारलं, आपला गोंधळ आणि मास्तरांचा गोंधळ एकच का? आबा संबळाच्या दोऱ्या आवळत होते. मान वर न करता म्हणले, "मास्तरला ताल कळत न्हाई रं."

पुढं धाराशिवात छपाईच्या दुकानात लागलो. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया, सगळं जुळवायचं आणि तपासायचं. शब्दांशी रोजची झटापट. त्यातून एखाद्या शब्दाचं मूळ शोधायची माझी एक पद्धत बसली. ती इथं सांगतो. नमुन्याला घरचाच शब्द घेतो.

पहिलं म्हणजे कोशाला हात लावू नका. आधी वही घ्या आणि त्या शब्दाच्या शेजारी कोणकोणती क्रियापदं बसतात ते लिहून काढा. नामापेक्षा क्रियापदं जास्त बोलतात. मी लिहिली ती अशी: गोंधळ मांडतात, घालतात, होतो, उडतो, माजतो आणि माणूस गोंधळतो. आता एकेक ताडून बघा. "मांडला" म्हणलं की अजून चौक, कलश, दिवटी डोळ्यापुढं येते. "उडाला" म्हणलं की देवी कुठंच नाही. आजवर कुठल्याही घरी कुलाचाराचा गोंधळ "उडालेला" मी ऐकला नाही. आमच्या घरात "गोंधळ झाला का?" या प्रश्नाला "झाला बाबा, सुटलो" असं समाधानाचं उत्तर यायचं. कचेरीत हाच प्रश्न विचारला तर कारकून आधी कुणाची चूक ते शोधायला लागेल.

खरी मेख "घालणे"मध्ये आहे. जागरण घालतात, लोटांगण घालतात, अभिषेक घालतात; आणि धिंगाणा घालतात, धुडगूसही घालतात. एकाच क्रियापदावर भक्ती आणि मस्ती मांडीला मांडी लावून बसली आहे. जुना अर्थ नव्यात सरकला असेल तर तो बहुधा याच उंबऱ्यावरून. शब्द कुठलाही असो, दोन्ही अर्थांना चालणारं क्रियापद सापडलं की त्याखाली रेघ मारा.

मग ती मूळ वस्तू जाऊन बघा. नुसतं वाचू नका. गोंधळ लग्नानंतर, मुंजीनंतर, जावळ काढल्यावर, नवस फेडताना घालतात, आणि घालतात तो रात्री. पाटावर नवं वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरायचा, त्यावर कलश आणि नारळ, भोवती ऊस उभे करायचे, दिवटी पेटवायची. गोंधळ्याच्या अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ. संबळ म्हणजे जोडवाद्य, एक बारीक वाजणारं आणि एक घुमणारं. जोडीला तुणतुणं आणि झांज. आधी गण, मग देवांना बोलावणं, मग आख्यान आणि शेवटी आरती. तुळजापूरची भवानी मानणारे ते कदमराई आणि माहूरची रेणुका मानणारे ते रेणुराई. म्हणजे गोंधळ्यांची ही दोन्ही दैवतं मराठवाड्यातलीच, एक आमच्या जिल्ह्यात आणि दुसरी नांदेड जिल्ह्यात. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, चालवून घ्या.

परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिराला त्याच्याच शिरा ताणून वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं, तोच पहिला गोंधळ, अशी कथा गोंधळी सांगतात. माग काढताना अशा कथा फेकून देऊ नका. शब्द कुठून आला हे त्या सांगत नाहीत. पण तो धंदा करणारे स्वतःकडं कसं बघतात ते त्यांच्यातून नेमकं कळतं.

देवांना बोलावण्याच्या वेळी मात्र कान देऊन बसा. तुळजापूरच्या भवानी, गोंधळाला ये. माहूरच्या रेणुके, गोंधळाला ये. अंबाजोगाईच्या योगेश्वरी, गोंधळाला ये. गावोगावचे देव, यजमानाचं कुलदैवत, कुणाला वगळायचं नाही. मधेच "उदो, उदो" आणि संबळाची थाप. आता हेच चार वाड्यांपलीकडं झोपलेल्या माणसाच्या कानानं ऐका. त्याला देवांची नावं ऐकू येत नाहीत. येतो तो रात्रभरचा ढणढणाट, मधेच आरोळी, आणि झोपेचं खोबरं. आबा मास्तरांबद्दल काय म्हणाले ते मला इथं कळलं. आवाज एकच होता, आतल्याला तो ताल होता आणि बाहेरच्याला गलका.

आता कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आधी १८३१ मध्ये निघाला, मग १८५७ मध्ये सुधारून वाढवून. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडानं आला. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघतो. कोशात अर्थ वाचण्याआधी अर्थांचा क्रम वाचा. मोल्सवर्थ 'गोंधळ'खाली आधी देवीचा उत्सव देतो आणि मग लाक्षणिक म्हणून गडबड. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दोन्ही अर्थ नांदत होते. दूरचित्रवाणीनं किंवा हल्लीच्या पोरांनी शब्द बिघडवला, असं म्हणायला जागा नाही. शब्द सापडत नसेल तर जुनं लेखन आठवा, अनुस्वारांची खैरात असते: केलें, घातलें, गोंधळणें.

मग शेजाऱ्याचं दार वाजवा. उमरगा, निलंगा, उदगीर या पट्ट्यात पाच-पंचवीस किलोमीटर गेलात की कानडी सुरू होते. आणि कानडीत 'गोंदल' हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. अर्थ काय, तर घोटाळा, संभ्रम. गाणारे गोंधळीही त्या बाजूला आहेतच. शेजारच्या भाषेत जुळा सापडला की संस्कृत धातूची ओढाताण करायची घाई टळते. एका लग्नात एक गृहस्थ मला "गो म्हणजे गाय" इथपासून 'गोंधळ' फोडून सांगत होते. मी जिलबी खाऊन घेतली.

जुन्या ग्रंथात एक धागा फार जवळचा आहे. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या नृत्याच्या अध्यायात 'गौंडली' नावाचा एक नृत्यप्रकार येतो. अभ्यासकांमध्ये गोंधळाचं नातं या नाचाशी जोडणारे आहेत. पण सारखा ध्वनी दिसला म्हणून लगेच सोयरीक ठरवू नका, मधले दुवे मागा. पुढं पैठणच्या एकनाथांनी, म्हणजे सोळाव्या शतकात, गोंधळी आणि जोगवा ही रूपं भारुडात घेतली. म्हणजे तोवर ती लोकांच्या इतकी ओळखीची होती की त्यांच्यावर रूपक रचता यावं.

सारख्या ध्वनीचा खड्डा किती खोल असतो ते 'कालवा' या शब्दानं दाखवतो. आमच्या आईचं पेटंट वाक्य होतं, "काय कालवा करलालाव रे पोरांनो!" आणि जायकवाडीचा डावा कालवा जालना, परभणीकडं २०८ किलोमीटर जातो. पाणी सुटलं की लोक भांडतात, कालवा होतो, म्हणून गोंगाटाला कालवा म्हणायला लागले, अशी झकास गोष्ट कुणीही रचू शकेल. पाटाच्या पाण्यावरची भांडणं बघितलेल्याला ती पटेलही. पण पाण्याचा कालवा कानडी 'कालुवे'शी जुळतो, आणि आवाजाच्या कालव्याचा पाण्याशी काही संबंध नाही. शब्द दिसायला एक, कुळं दोन. गोष्ट जितकी झकास, तितका संशय जास्त घ्या.

शेवटची पायरी मला सगळ्यात आवडते. शब्दाचे चुलतभाऊ शोधा. हैदोस घ्या. आमच्या गावात मोहरमच्या सवाऱ्या उठतात, पुढं सगळ्या जातींची पोरं नाचतात. 'हाय दोस्त, दूल्हा' या मोहरमच्या पुकाऱ्यातून 'हैदोस' आणि 'हैदोसधुल्ला' आले, असं कोशकार दाखवतात. शोकाचा पुकारा होता, पोरांच्या धिंगाण्याचं नाव झाला. तोच मोहरम गोऱ्या शिपायांनी ऐकला तेव्हा 'या हसन, या हुसेन' त्यांच्या कानी 'हॉब्सन-जॉब्सन' पडलं, आणि १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानी शब्दांच्या इंग्रजी कोशाला तेच नाव दिलं. शिमग्याचंही तसंच. सण होळीचा, पण "त्यानं शिमगा केला" म्हणजे चारचौघांत बोंबाबोंब केली.

चुलतभाऊ एका रांगेत उभे केले की आपल्या शब्दाचं वेगळेपणही दिसतं. हैदोस आणि शिमगा अजून बाहेर ओरडत आहेत. गोंधळ मात्र डोक्यात शिरला. "मी गोंधळलो" म्हणणारा माणूस आवाज करत नाही, तो गप्प उभा असतो, बसस्थानकावर चुकीच्या फलाटावर उभा राहावा तसा. रात्रभर वाजणाऱ्या शब्दाचा हा सगळ्यात मुका अर्थ. या अर्थावर कानडी 'गोंदल'ची छाया असावी असं माझं मत. मत म्हणूनच वहीत लिहिलंय, पेन्सिलनं. तुम्हीही तसंच करा: ऐकलेलं शाईनं, कोण बोललं, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, आणि आपला तर्क पेन्सिलनं.

मागच्या लग्नसराईत एक नवरदेव पत्रिका तपासायला आला. शेवटच्या ओळीत 'रात्री ९ वाजता जागरण गोंधळ' होतं. म्हणला, "काका, गोंधळ शब्द बरा दिसत नाही, पुण्याची मंडळी येणारेत. 'देवीचा कार्यक्रम' करा." मी म्हणलं, करतो, पण जागरण खंडोबाचं असतं, त्यालाही देवीत घालू का? तो गोंधळला. मग आजीला फोन लावला. पलीकडचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू आला: "देवीला काय कार्यक्रम म्हणून बोलवणार हाईस का रे? गोंधळाला ये म्हणतेत तिला!"

ओळ होती तशी छापली. फक्त ९ च्या जागी १० केले, कारण संबळवाला माझा भाऊच होता आणि त्याची वेळ मला ठाऊक होती.