‘एम’वर जाण्याआधी ‘ए’वर रमा

नवा कॅमेरा हातात आला की मोडची डायल थेट ‘एम’वर, म्हणजे सगळं आपणच ठरवायच्या मॅन्युअलवर, न्यायचा मोह होतो. ऑटोतच फोटो काढायचे तर एवढे पैसे कशाला घातले, असं वाटतं. मी मात्र नवशिक्याला आधी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर बसवतो. निकॉन-सोनीच्या डायलवर तो ‘ए’ असतो, कॅननवर ‘एव्ही’. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, तुम्ही ठरवायचं; शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा बघून घेतो.

कुणाला तरी खिडकीशेजारी बसवा. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा, ४००ला बांधून ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ पासून ४, ५.६, ८ असं सरकवत जा; आकडा मोठा तसं छिद्र लहान. दर टप्प्याला लेन्समधून येणारा प्रकाश निम्मा होतो, आणि तो भरून काढायला शटर १/५०० सेकंदावरून १/२५०, १/१२५, १/६० असं संथ होत जातं. मागचा पडदा हळूहळू स्पष्ट व्हायला लागतो. हे समोर घडताना पाहिलं की अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओचं नातं दाखवणारी एक्सपोजर ट्रँगलची आकृती पाठ करावी लागत नाही. ५० मिमी लेन्स हातात धरून १/५० पेक्षा खाली शक्यतो जाऊ नका. क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, असेल तर १/८०. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याची हालचाल नाही.

पुढचा धडा कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. समोर काहीही असो, मीटर ते मध्यम करडं आहे असंच धरून चालतो. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनी फ्रेम भरली की कपडे मळकट येतात. काळं कुत्रं राखाडी होतं. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, वापरायची: पांढऱ्याला +१ द्यायचं, काळ्याला -१. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा. एमवर जाऊन मीटरचा काटा शून्यावर आणत बसलात, तर फोटो तोच मळकट येणार, फक्त वेळ जास्त लागणार.

एमची खरी गरज पडते ती उजेड तोच आणि मागचं दृश्य बदलतं तेव्हा. रंगमंचावरचा एकाच झोतातला कलाकार काळ्या पडद्यासमोरून पांढऱ्या भिंतीसमोर आला, की ए मोड एक्सपोजर बदलतो. एम जागचा हलत नाही. चंद्राचंही तसंच. काळ्या आभाळाला भुलून कॅमेरा त्याची पांढरी टिकली करतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, रात्र आपल्याकडे. आयएसओ १००, एफ/११, १/१०० पासून सुरुवात करा, डाग दिसतील.

शटर तुम्ही ठरवायचं आणि अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यानं, तो शटर प्रायॉरिटी मोड खेळ आणि पक्ष्यांसाठी. तो आपोआप जमतो. स्क्रीनच्या उजळपणावर विसंबू नका, फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, बघा.

आणि एक. मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या कॅमेऱ्यावर, स्टुडिओ फ्लॅश लावून एममध्ये गेलात की व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर पडतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. फ्लॅश न धरता फोटो कसा येईल ते तो दाखवत असतो; मेन्यूतला हा एक्सपोजर प्रीव्ह्यू बंद करा.