'स्टेअर' हे क्रियापद कसे वापरावे

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना टोपलीपाशी दबा धरून बसलेली मांजर पापलेटाकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर एकदा नीट पाहिली की 'स्टेअर' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तिची पापणी लवत नाही, मान वळत नाही, बोली लावणाऱ्यांचा गलका जणू तिच्या कानी पडतच नाही. हलते ते फक्त शेपटीचे टोक. या शब्दाचे प्राचीन मूळ 'ताठ असणे' या अर्थाशी जोडले जाते आणि नजरेतला हा ताठपणा आजही त्यात टिकून आहे.

मराठी माणसाची चूक होते ती 'टक लावून पाहणे' या वाक्प्रचारामुळे. आई पाळण्यातल्या बाळाकडे टक लावून पाहते आणि एसटीत समोर बसलेला अनोळखी प्रवासीही आपल्याकडे टक लावून पाहतो, असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र आईच्या नजरेला 'गेझ' म्हणणे योग्य, कारण त्या शब्दात माया, कौतुक किंवा तन्मयता असते; प्रवाशाच्या नजरेला 'स्टेअर'च म्हणावे लागते. सुवर्णदुर्गाच्या बाजूला मावळणारा सूर्य डोळे भरून पाहणाऱ्यासाठीही 'गेझ'च शोभतो. याचा अर्थ 'स्टेअर' नेहमीच असभ्य असतो असा नव्हे: आश्चर्य, भीती किंवा विचारांची तंद्री यांतूनही माणूस एकटक पाहतो, आणि तेथे हा शब्द निर्दोष असतो. डोळे वटारून पाहिले तर 'ग्लेअर', डोळे बारीक करून कष्टाने पाहिले तर 'पीअर'.

वाक्यरचनेत माझे विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात ते 'ॲट'पाशी. 'शी स्टेअर्ड हिम' असे ते लिहितात, आणि मला त्याचे नवल वाटते, कारण मराठीतला 'कडे' येथे अगदी आयता मदतीला येतो. 'त्याच्याकडे' टक लावली, म्हणून 'स्टेअर्ड ॲट हिम'. शून्यात नजर लावली तर 'स्टेअर्ड इन्टू स्पेस', खिडकीतून बाहेर पाहत राहिला तर 'स्टेअर्ड आउट ऑफ द विंडो'.

लिहिताना 'स्टेअरिंग'मध्ये शेवटचा 'ई' गळतो आणि 'आर' एकच राहतो. 'आर' दोनदा लिहिला तर तो शब्द चित्रपटाच्या जाहिरातीतला 'स्टारिंग' होतो. जिन्याच्या पायरीला म्हणतात तो 'स्टेअर' उच्चाराने हुबेहूब असाच असला, तरी त्याचे स्पेलिंग निराळे आहे.

कर्मणी रचनेतही 'ॲट' सोडू नये. 'माझ्याकडे कोणी टक लावून पाहिलेले मला आवडत नाही' हे इंग्रजीत असे होईल: 'आय डोन्ट लाइक बीइंग स्टेअर्ड ॲट.'