मेकॅनिक्सच्या पेपरनंतर उत्तरं जुळवताना या चुका टाळा

परीक्षा हॉलच्या दारातच पहिला प्रश्न येतो, "फ्रिक्शनच्या गणिताचं तुझं किती आलं?" कुणी ३५८ म्हणतं, कुणी १४२, आणि ज्याचा आकडा एकटा पडतो त्याचा चेहरा पडतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवताना हे मी दरवर्षी पाहतो, आणि दरवर्षी वाईट वाटतं. कारण पुष्कळदा एकटं पडलेलं उत्तरच बरोबर असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसता शेवटचा आकडा विचारणं. वरचंच गणित घ्या. ५०० न्यूटन वजनाचा ठोकळा ३० अंशांच्या उतारावर आहे, घर्षण गुणांक ०.२५, बल उताराला समांतर, आणि ते बल किती हे काढायचंय. ठोकळा वर सरकण्याच्या बेतात असेल तर घर्षण खालच्या दिशेला लागतं, म्हणून वजनाचा उताराच्या दिशेतला भाग २५० अधिक घर्षण १०८.२५, म्हणजे ३५८.२५ न्यूटन. तो नुसता खाली घसरू द्यायचा नसेल तर घर्षण वर लागतं आणि उत्तर येतं १४१.७५. दोन्हींतला फरक २१६.५, घर्षणाच्या बरोबर दुप्पट. असा दुप्पट फरक दिसला की गणित पुन्हा सोडवत बसू नका. प्रश्नातलं ते एक वाक्य वाचा आणि एफबीडीत, म्हणजे ठोकळ्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत, घर्षणाचा बाण कुणीकडे काढला होता ते आठवा.

चूक बहुतेक वेळा अशी आपली खूण सोडून जाते. दोघांची उत्तरं ९.८१ पटींनी वेगळी असतील तर कुणीतरी किलोग्रॅमलाच न्यूटन समजलंय. ५० किलोचा ठोकळा ४९०.५ न्यूटनचा असतो. आकडे अगदीच भलते, मध्येच उणे येत असतील तर कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर राहिला होता का ते बघा. तिथे साइन ३० म्हणजे ०.५ नाही, उणे ०.९८८ येतं. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८१ ऐवजी १० धरल्यानं मात्र फार बिघडत नाही. २० मीटरवरून सोडलेल्या वस्तूचा जमिनीवर पोहोचतानाचा वेग १९.८१ च्या जागी २० मीटर प्रति सेकंद येतो. प्रश्नात जीची किंमत दिली असेल तर तीच वापरायची, एवढंच.

वेगळं दिसणारं तेच उत्तर

हिंजच्या रिअ‍ॅक्शनवरून (म्हणजे बिजागरीसारख्या आधाराकडून येणाऱ्या बलावरून) तर मैत्रीत भांडणं झालेली मी पाहिली आहेत. एकीनं लिहिलं आडवी ३०, उभी ४०. दुसऱ्यानं लिहिलं ५० न्यूटन, आडव्या रेषेशी ५३.१३ अंश. तिसऱ्यानं ५० न्यूटन, उभ्या रेषेशी ३६.८७. तिघंही बरोबर! ट्रसमध्येही, म्हणजे दांडे जोडून केलेल्या सांगाड्यातही, तसंच. सगळे मेंबर (दांडे) टेन्शनमध्ये (ताणात) धरून उणे १५ आलं काय, किंवा थेट "१५, कॉम्प्रेशन" (दाब) लिहिलं काय, बल एकच.

आता मार्कांचं. उत्तर चुकलं म्हणून अख्खा प्रश्न गेला, असा हिशेब घरी जाऊन मांडू नका. पेपर तपासताना आम्ही एफबीडी बघतो, समतोलाची समीकरणं बघतो, मग आकडा. सुरुवातीची रिअ‍ॅक्शन चुकली, पण त्या चुकीच्या आकड्यावरून पुढचे जॉइंट (दांड्यांचे सांधे) नीट सोडवले असतील तर पद्धतीचे मार्क साधारणपणे मिळतात. उलट एफबीडी न काढता मिळवलेलं अचूक उत्तर मार्क गमावून बसतं. मित्राशी ताडून पाहायचंच असेल तर त्याच्या आधी, डोक्यात ताजी असतानाच आपली आकृती घरी कोऱ्या कागदावर पुन्हा काढा. दहा जणांशी बोलल्यावर आपण खरंच काय लिहिलं होतं हेच आठवेनासं होतं.

आणि दोन दिवसांवर दुसरा पेपर असेल तर हे सगळं त्यानंतर. माझ्या एका विद्यार्थिनीनं मेकॅनिक्स गेलं या धास्तीनं पुढच्या पेपरचं पुस्तकच उघडलं नाही. निकालात ती मेकॅनिक्समध्ये पास होती, केटी (नापास विषय पुन्हा देणं) लागली ती दुसऱ्याच विषयात.

निकालानंतरही शंका उरली तर भावनेच्या भरात थेट रिव्हॅलचा (पुनर्मूल्यांकनाचा) अर्ज भरू नका. आधी मुदत बघून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. तिच्यात तीन गोष्टी तपासा: एखादा उपप्रश्न तपासायचा राहिलाय का, पुरवणीतले मार्क पहिल्या पानावर चढलेत का, आणि बेरीज बरोबर आहे का. मग विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांच्याशी बोलून अर्जाचं ठरवा.