अंगावरचं दूध आटवायचं असेल तर काय करायचं आणि काय नाही

बाळ गेलं असेल, आईची केमो सुरू व्हायची असेल किंवा अंगावर पाजायचं नाही असं ठरलं असेल, तरी पान्हा यायचा तो येतोच. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती दाटून दगडासारखी होते, तोवर बाई बऱ्याचदा डिस्चार्ज घेऊन घरी आलेली असते आणि याबद्दल तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं, खूप वाईट वाटतं याचं.

मुख्य गोष्ट एवढीच की दूध जितकं बाहेर काढाल तितकं नवीन बनतं, आणि आत साठून राहिलं की बनणं आपोआप कमी होतं. म्हणून पंप लावून छाती रिकामी करायची नाही. पण ठणकायला लागलं तर हाताने थोडंसं काढायचं, ताण हलका झाला की थांबायचं. एक थेंबही काढू नको म्हणणाऱ्या बायका भेटतील, त्यांचं ऐकू नका, गाठी होतात. छाती फडक्याने आवळून बांधायची जुनी पद्धत पण नकोच, त्यानेही गाठी आणि सूज येते. नीट आधार देणारी बिनतारेची ब्रा रात्रंदिवस घाला, गळतं त्यासाठी आत सुती कापडाची घडी ठेवा.

थंड शेकाने खूप बरं वाटतं. कोबीची पानं धुऊन फ्रीजमध्ये ठेवायची, मधली जाड शीर लाटण्याने चेपायची आणि ब्रामध्ये ठेवायची, मऊ पडली की बदलायची. स्तनाग्राला चीर पडली असेल तर तिथे पान लावू नका. कोबी नसेल तर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. आंघोळीचं गरम पाणी छातीवर घेऊ नका, आणि मालिशवाल्या मावशींना छाती सोडून करा असं आधीच सांगून ठेवा. अळीव, मेथीचे लाडू, शतावरी कल्प हे सगळं दूध वाढावं म्हणूनच देतात, ते बंद, पाणी मात्र तोडू नका, पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही.

दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालते, डॉक्टरांना विचारून घ्या. गोळीने थांबवायचं असेल तर कॅबरगोलिन, बाळंतपणानंतर पहिल्याच दिवसात 1 मिलिग्रॅम एकदाच देतात, दूध सुरू झालेलं असेल तर 0.25 मिलिग्रॅम दर 12 तासांनी दोन दिवस. हाय बीपी, हृदयाच्या झडपेचा त्रास किंवा आधी कधी मानसिक आजार झाला असेल तर ही चालत नाही, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. ब्रोमोक्रिप्टिन ही दूध थांबवायची दुसरी गोळी तर टाळाच, फिट, स्ट्रोक, हार्ट अटॅकच्या केसेसमुळे अमेरिकेत 1990 च्या दशकातच या कामासाठी ती बंद झाली.

आधीपासून पाजत असाल तर एकदम तोडू नका, दर तीन-चार दिवसांनी पाजायची एकेक वेळ कमी करत जा.

ताप, थंडी, छातीवर लाल गरम चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. नाहीतर दाटलेपण साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं, थेंब-थेंब पुढेही काही आठवडे येऊ शकतात, ते बघायला सारखं दाबून बघू नका, त्यानेच परत यायला लागतं.