ज्वारीच्या मुळांवर मायकोरायझा वाढवा, डाळिंबाच्या गुटीला लावा

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चुनखडीच्या मुरमाड रानात झाडाला स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतो. बहुधा तो जमिनीत असतो, पण चुन्याने धरून ठेवलेला. त्यात ओल उडाली की तो जागचा हलत नाही, आणि मुळीलगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर संपला की मुळी उपाशी राहते. मायकोरायझा बुरशीचे तंतू त्या थरापलीकडे काही सेंटिमीटर पोचतात. केसमुळांहून बारीक असल्याने, मूळ शिरत नाही अशा फटींतली ओलही त्यांना घेता येते. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. ही बुरशी पाणी निर्माण करत नाही, दोन पाण्यांमधला ताण सोसायला मदत करते. सोलापुरात तेवढेही पुष्कळ.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे गुळाच्या पाण्यात तिचे द्रावण वाढवण्याचा खटाटोप व्यर्थ. तिला ज्वारी द्या.

निम्मी हलकी माती आणि निम्मी धुतलेली वाळू एकत्र करा. माती जुन्या डाळिंबाच्या बागेतली नको. तिच्यातून मर रोग आणि सूत्रकृमी येतात. एप्रिल-मेमध्ये हे मिश्रण ओले करून १५ सेंमी थरात पसरा आणि पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाका. कडा मातीने बुजवा. काळा प्लॅस्टिक कागद इथे कमी पडतो, तो ऊन वरच अडवतो.

जूनच्या मध्याला १ मीटर लांब-रुंद, ३० सेंमी खोल खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून तळाला निचऱ्यासाठी भोके पाडा. २० सेंमीपर्यंत मिश्रण भरा. त्यावर खात्रीचे ताजे मायकोरायझा विरजण (सुरुवातीची जिवंत बुरशी) २ किलो सारखे पसरा, वर ३ ते ५ सेंमी मिश्रण टाकून घरची मालदांडी ज्वारी दाट पेरा. बियाण्याला बुरशीनाशक किंवा गंधक चोळलेले नसावे. स्फुरदाचे खत अजिबात नको: आयता स्फुरद मिळाला की ज्वारी बुरशीला जवळ करत नाही. पाने फारच पिवळी पडली तर २ ग्रॅम युरिया पाण्यातून द्या. माती वापशावर ठेवा, चिखल करू नका.

साठ दिवसांनी पाणी तोडा. आठ-दहा दिवसांत ज्वारी सुकायला लागते आणि बुरशी बीजाणू धरते. ताटे जमिनीलगत कापा, मुळे उकरून एक सेंमीचे तुकडे करा आणि मातीतच मिसळा. सावलीत सुकवून गोणीत भरा. सहा महिन्यांत संपवा. उन्हात पडलेली गोणी फेकण्याच्याच लायकीची.

तोवर ऑगस्ट-सप्टेंबर येतो, म्हणजे पावसाळ्यात बांधलेल्या गुट्या (फांदीला झाडावरच मुळ्या फोडून केलेली कलमे) झाडावरून उतरवून पिशवीत लावण्याची वेळ. बुरशी लावायला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण मुळी कोवळी असते आणि हाताशी असते. प्रत्येक पिशवीत गोणीतले ५० ग्रॅम मिश्रण मुळीला चिकटेल असे टाका. वरून भुरभुरवले तर मुळीपर्यंत पोचत नाही. शेतात लावताना खड्ड्यात, हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) बुडाशी आणखी १०० ग्रॅम द्या. मुळीत बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत पांढरी मुळी दाखवणारी पुडी म्हणजे बहुधा ह्युमिक ॲसिडची करामत.

बिघडते ते नंतर. खड्ड्यात मूठभर डीएपी (स्फुरदाचेच खत) टाकले, मर दिसताच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली, किंवा दोन ओळींत रोटाव्हेटर फिरवून तंतूंचे जाळे तोडले, की केलेले वाया. आंतरपीक म्हणून कोबी, मोहरी, पालक नको. त्यांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही. मटकी किंवा हुलगा घ्या, आणि आळ्यात उसाचे पाचट अंथरा.

शेणखतात दिसणारे पांढरे जाळे म्हणजे मायकोरायझा नव्हे, ती कुजवणारी बुरशी. मायकोरायझा मुळीच्या आत असतो, मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. तशी सोय नसेल तर एक ओळ बुरशीविना लावा आणि उन्हाळ्यात दोन्ही ओळींचे पाणी एकाच दिवशी लांबवून कोणती आधी माना टाकते ते पाहा.